जुन्या डंपिंगवरून रस्ता जाणार असेल तर कचरा सुरक्षित कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवीन रस्त्याच्या आखणीत साधारण ३०० मीटरचा पट्टा एका जुन्या डंपिंगवरून जातोय, डंपिंग बंद होऊन २५-३० वर्षं झालीत, वर गवत आणि झुडपं माजलीत, कुठे काय टाकलं याचं रेकॉर्ड नाही, आणि ठेकेदार म्हणतोय की एवढ्या वर्षांत सगळ्याची माती झाली असणार, पोकलेन लावतो, काढतो आणि पुढच्या भरावात टाकून देतो. साइट इंजिनिअरचा प्रश्न की असं चालेल का, आणि नाही तर मग नेमकं करायचं काय.

नाही चालणार. मी बरीच वर्षं याच प्रकारच्या खोदकामावर आहे, आणि या "माती झाली असणार"वरच सगळं घसरतं, कारण एकदा डोक्यात माती बसली की मग खोदाई मातीसारखी होते, उतार मातीसारखे ठेवले जातात, पाणी मातीतल्या पाण्यासारखं नाल्यात सोडलं जातं. कचऱ्याची माती होते ती थोडीच, तीही मुख्यतः जिथे ओल पोचली तिथे. प्लास्टिक, रबर, चिंध्या, काच, लोखंड तर जसंच्या तसं असतंच, पण कागदसुद्धा टिकतो. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले विल्यम रॅथजे आणि त्यांच्या गार्बेज प्रोजेक्टवाल्यांनी १९८७ पासून जुनी लँडफिलं (कचरा पुरायच्या जागा) खोदून बघितली तर कित्येक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं आतून निघाली, सरळ वाचता येतील अशी. म्हणजे आत कुजणं जवळपास थांबलेलं असू शकतं, आणि तुम्ही उघडलं, त्यावर पाऊस पडला की ते परत सुरू होतं, गॅस परत तयार होतो. शांत पडलेला डेपो म्हणजे संपलेला डेपो नव्हे.

माझ्या मते सगळ्या कामाचा पाया एकच, आज संध्याकाळपर्यंत जेवढं झाकता येईल तेवढंच आज सकाळी उघडायचं. बाकीचं सगळं यातूनच निघतं. उघडा भाग छोटा ठेवला की वास कमी, गॅस कमी, पावसाचं पाणी आत कमी, आगीचा धोका कमी, आणि काही भलतंच निघालं तर तेवढी जागा बंद करून विचार करायला वेळ मिळतो. ३०० मीटर एका दमात उघडून टाकलं आणि मधेच पाऊस आला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

पोकलेन यायच्या आधी आत काय आहे ते शोधायचं. कागद नसले तरी माणसं असतात, तिथे पूर्वी गाडी चालवणारे ड्रायव्हर, आजूबाजूला राहणारे म्हातारे लोक, यांच्याकडून कळतं की कुठल्या कोपऱ्यात कारखान्याचे टँकर रिकामे व्हायचे आणि कुठे मेलेली जनावरं पुरली जायची. जुन्या सॅटेलाइट इमेज बघा, लँडसॅटच्या १९७२ पासूनच्या आहेत, सुरुवातीच्या भरड आहेत पण डेपो केव्हा वाढला आणि आधी तिथे खाण होती की ओढा होता याचा अंदाज येतो. ओढा बुजवून डेपो केला असेल तर तळाशी पाणी असणारच हे धरून चाला. मग ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचे खड्डे, आखणीच्या मध्यावर आणि दोन्ही कडांना, आणि ते थेट खालच्या मूळ जमिनीला लागेपर्यंत, नाहीतर खोली कळत नाही. एक गोष्ट कटाक्षाने, ट्रायल पिटमध्ये माणूस उतरवायचा नाही, नमुना बकेटमधूनच घ्यायचा. लोखंडी ड्रमचा संशय असेल तर मॅग्नेटोमीटरने (जमिनीतलं लोखंड ओळखणारं यंत्र) सर्व्हे करून घ्या, आधी हे केलं की पुढे बराच ताप वाचतो.

आता गॅस, इथे जरा वेळ देतो कारण माणसं इथेच मरतात. कचऱ्यातल्या गॅसमध्ये मुख्य दोन, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड, आणि जोडीला थोडा पण सगळ्यात वाईट हायड्रोजन सल्फाइड. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीची वाट बघत बसलेला असतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा साधारण दीडपट जड, तो खड्ड्याच्या तळाशी बसतो, ऑक्सिजनला वर ढकलतो, त्याला वास नाही रंग नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तेच घातक आहे, कारण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेल्यावर काही मिनिटांत नाकाला तो वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं वास गेला म्हणजे गॅस गेला, आणि तो अजून एक पाऊल खाली उतरतो. जिथे जिप्समचे बोर्ड, पीओपीचा मलबा टाकलाय आणि ओल आहे तिथे हा गॅस जास्त निघतो, म्हणून पांढरट मलब्याचा थर दिसला की मीटर आणखी जवळ आणा.

मीटर म्हणजे चार गॅसवाला, मिथेनसाठी एलईएल (स्फोटाची खालची मर्यादा, मिथेनला ती वरची ५ टक्के, आणि मीटर त्या मर्यादेच्या किती टक्के गॅस आहे ते दाखवतो), ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. तो घेतला म्हणजे झालं असं नाही. बहुतेक स्वस्त मीटरमधला एलईएल सेन्सर आतल्या आत गॅस जाळून मोजतो, म्हणजे त्याला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. खड्ड्याच्या तळाशी ऑक्सिजन १० टक्क्यांच्या खाली गेलेला असेल तर तो मीटर एलईएल कमी दाखवेल, आणि सुपरवायझर वहीत "गॅस नाही" असं लिहील. म्हणून आधी ऑक्सिजनचा आकडा बघायचा, मग एलईएलचा. ऑक्सिजन २०.९ च्या जागी १९.५ च्या खाली आला तर तिथे माणूस नको, मग बाकीचे आकडे काहीही असोत. शक्य असेल तर इन्फ्रारेड सेन्सरचा मीटर मागवा, त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि कचऱ्यातल्या सिलिकॉनच्या वाफांनी तो बिघडतही नाही, जळणारा सेन्सर मात्र त्यांनी हळूहळू बधिर होतो आणि स्क्रीनवर सगळं ठीक दिसत राहतं. रोज सकाळी टेस्ट गॅस देऊन बघायचा, आणि शून्य सेट करायचं ते साइटपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे. खोदलेल्या कचऱ्याशेजारी उभं राहून शून्य केलं तर तिथला गॅसच शून्य धरला जातो.

मोजायचं कसं तेही सांगतो. पोकलेनने एक घास काढला की लगेच कोणी पुढे जायचं नाही, मशिन मागे घ्यायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं. मग लांब काठीला सॅम्पलिंगची नळी बांधून ती कापलेल्या भिंतीच्या फटीत घालायची, आधी वर, मग मध्ये, मग तळाशी, प्रत्येक ठिकाणी नळीतून हवा येईपर्यंत थांबून. प्लास्टिकच्या थराखाली पिशवीसारखी पोकळी असते, तिथे आकडा एकदम उडी मारतो आणि हातभर अलीकडे काहीच नसतं. एलईएलच्या १० टक्क्यांवर काम थांबवा, २० वर सगळे बाहेर, हायड्रोजन सल्फाइडला ५ पीपीएमवर थांबा आणि १० वर बाहेर, हे आकडे मी ठेवतो, तुमच्याकडचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. आणि हवामानाकडे लक्ष ठेवा, हवेचा दाब झपाट्याने पडतो त्या दिवशी कचरा अक्षरशः श्वास सोडतो. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या लॉस्को गावात मार्च १९८६ मध्ये असंच झालं, सुमारे ७ तासांत दाब २९ मिलिबार पडला, जुन्या डेपोतला गॅस जमिनीखालून आडवा सरकत शेजारच्या बंगल्याखाली पोचला आणि बंगला उडाला, आतले तिघं गंभीर जखमी झाले. वादळी हवेच्या दिवशी नवीन भाग उघडू नका असं मी म्हणतो ते यामुळे.

याच लॉस्कोवरून रस्त्याचा मुद्दा येतो, जो रस्तेवाल्यांच्या फारसा ध्यानात येत नाही. रस्ता म्हणजे डेपोवर ठेवलेलं झाकण आहे. आजवर जो गॅस गवतातून हळूहळू वर निघून जात होता त्याला तुम्ही डांबर किंवा काँक्रीटने अडवलंत, आता तो बाजूला जाणार, पावसाळी गटारात, केबलच्या डक्टमध्ये, चेंबरमध्ये, आणि तिथून घरांत. म्हणून रस्त्याखाली थोडाही कचरा राहणार असेल तर खडीचा वायुवाहक थर, त्यात भोकांचे पाइप, आणि ते रस्त्याच्या कडेला उंच वर काढलेले व्हेंट, हे डिझाइनमध्येच हवं. डक्ट आणि चेंबर सीलबंद हवेत. चेंबरमध्ये नंतर उतरणारा माणूस तुमच्या खोदकामाच्या टीममधला नसेल, त्याला खाली डेपो होता हे कोणी सांगणार नाही.

उतारांचं बोलू. कचऱ्याची भिंत फसवते. मातीची उभी भिंत थोड्या वेळात चिरते, ढासळायच्या आधी बरेचदा इशारा देते. कचऱ्यात प्लास्टिकच्या पट्ट्या, चिंध्या, दोऱ्या एकमेकांत गुंतलेल्या असतात, त्यामुळे चार-पाच मीटरची उभी भिंत मस्त उभी राहते, सगळ्यांना वाटतं हा तर मातीपेक्षा बरा, आणि मग एका क्षणात सगळी बसते. २००५ साली इंडोनेशियात बांडुंगजवळ लेउविगाजा इथला कचऱ्याचा डोंगर मुसळधार पावसात घसरला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. तिथे आत बराच काळ धुमसणाऱ्या आगीने ह्या गुंतलेल्या प्लास्टिकची ताकदच खाऊन टाकली होती आणि वरून पाण्याचा दाब, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. म्हणून कचऱ्याला सगळ्यात कच्च्या मातीसारखंच धरायचं, १.५ आडवा आणि १ उभा यापेक्षा तीव्र उतार नाही, खोल कापात मध्ये पायरी सोडायची, वरच्या कडेला डंपर किंवा काढलेल्या मालाचा ढीग ठेवायचा नाही. पोकलेन कडेला समांतर उभा करू नका, चेन कडेच्या काटकोनात ठेवा म्हणजे कड बसायला लागली तर ऑपरेटर सरळ मागे येऊ शकतो. आणि भिंतीतून मधेच पाणी पाझरताना दिसलं तर त्या भिंतीजवळ कोणी नको, आत पाण्याचा साठा अडकलाय.

ते पाणी म्हणजे लीचेट, कचऱ्यातून झिरपून घाण झालेलं पाणी. काळं-तपकिरी, वरून कधी तेलकट रंगाचं. डेपोत ते सगळीकडे एकाच पातळीवर नसतं, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या थरावर तुंबून राहिलेले साठे असतात, एखादा साठा फुटला की कोरडा खड्डा अर्ध्या तासात भरतो. हे पाणी नाल्यात पंप करायचं नाही म्हणजे नाही, रात्री पण नाही, थोडंसं पण नाही. त्यातला अमोनिया आणि कुजका भाग ओढ्यातले मासे मारतो आणि तेच पाणी झिरपून विहिरीत जातं. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात सम्प (पाणी गोळा करायचा छोटा खड्डा) करा, तिथून टाकीत, टाकीतून टँकरने प्रक्रिया केंद्रात, आणि त्या केंद्राने हे पाणी घ्यायला आधी लेखी होकार दिलेला असला पाहिजे, खड्डा भरल्यावर फोनाफोनी करून उपयोग नाही. बाहेरचं पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या बाजूला चर आणि बांध, कारण आत आलेलं प्रत्येक स्वच्छ लिटर लीचेट होऊन बाहेर जातं आणि त्याचे पैसे तुम्हीच भरता. धुळीसाठी पाणी मारायचं तेही फवाऱ्याने, बारीक, पाइप सोडून नाही.

आग. आत वाफ निघतेय म्हणजे आग लागलीच असं नाही, कुजणारा कचरा ४०-५० अंश गरम असतोच. पण ६५ च्या वर तापमान, जळक्या रबराचा वास, मीटरवर कार्बन मोनॉक्साइड हजार पीपीएमच्या वर, किंवा एखादा भाग अचानक बसलेला दिसला तर आत धुमसतंय असं समजा आणि तो भाग उघडू नका, कारण त्याला हवेचीच कमी होती आणि ती तुम्ही देणार आहात. वरून माती चढवून दाबा आणि या कामातला जाणकार येईपर्यंत बाकीच्या टोकाला काम चालू ठेवा. बकेटमध्ये जळका माल आलाच तर तो डंपरमध्ये भरायचा नाही, मोकळ्या मुरमावर पातळ पसरायचा, माती टाकून विझवायचा. मातीचा ढीग मशिनजवळ तयारच असू द्या. मशिनच्या सायलेन्सरखाली सुकलेलं प्लास्टिक अडकतं, ऑपरेटरने दर तासाला उतरून ते बघायचं, बऱ्याच आगी तिथूनच लागतात.

आता मधेच काय काय निघतं ते. पोकलेनला दात नसलेली बकेट लावा, किमान वरचे थर काढताना तरी, म्हणजे ड्रम फाटत नाही. आणि ऑपरेटरपेक्षा वेगळा एक माणूस फक्त बघायला ठेवा, हातात शिट्टी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा, दुसरं कुठलंही काम त्याला द्यायचं नाही. निळ्या ड्रमचा कड दिसला, वेगळ्या रंगाची माती दिसली, औषधासारखा किंवा थिनरसारखा वास आला की शिट्टी आणि मशिन बंद. ड्रम उचलायचा नाही, लोळवायचा नाही, झाकण उघडून बघायचं नाही, फुगलेला असेल तर जवळही जायचं नाही. भोवती बॅरिकेड, वर ताडपत्री, आणि घातक कचरा हाताळणाऱ्या टीमला बोलवा, तोवर दुसरीकडे काम करा. गॅस सिलिंडर दिसला तरी हेच. सिमेंटचे जुने पत्रे निघतील, त्यात एस्बेस्टॉस असतं असं गृहीत धरा, तोडू नका, आधी फवाऱ्याने ओले करा, हाताने अलगद काढून जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून वर मार्किंग करा. त्यासाठी कापडी किंवा साधा धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, पी१०० (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा रबरी मास्क हवा आणि दाढीचे खुंट असतील तर तोही नीट बसत नाही. सुया आणि सलाइनच्या बाटल्या म्हणजे दवाखान्याचा कचरा, तिथे हाताने वेचणं बंद. सगळ्या माणसांना काम सुरू व्हायच्या आधी धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस, हे ठेकेदाराच्या खर्चात पहिल्या दिवशी लिहून घ्या, बीचे डोस पूर्ण व्हायला काही महिने लागतात म्हणून ते उशिरा सुचून चालत नाही. बूट स्टीलच्या तळव्याचे, नुसते स्टीलच्या टोकाचे नकोत, कारण खिळा खालून येतो. हात धुतल्याशिवाय खाणं नाही, कपडे साइटवरच बदलायचे, घरी लहान मुलं असतात.

भंगार वेचणारी माणसं येतील हे पक्कं धरा. कचरा उघडला की तांबं, लोखंड दिसतं आणि जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री लोक आत शिरतात, बरेचदा मुलंही. नुसता वॉचमन ठेवून हाकलून देऊ नका, ती माणसं उभ्या भिंतीखाली शिरतात. आधी त्यांच्याशी बोला, छाटून निघालेलं सुरक्षित लोखंड कुंपणाबाहेर एका ठिकाणी द्यायची सोय करा, आणि संध्याकाळचं मातीचं झाकण, १५ सेंटीमीटर तरी, खरंच घातलं गेलंय का ते स्वतः बघून मग साइट सोडा.

ठेकेदाराच्या "भरावात टाकू"वर येतो. चाळणीतून गेलेला बारीक भाग मातीसारखा दिसतो, पण त्यात सेंद्रिय भाग, क्षार आणि जड धातू असतात. सेंद्रिय भाग कुजत राहतो म्हणजे भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, सल्फेट पाइप आणि मोऱ्यांच्या काँक्रीटला खातं, क्लोराइड सळईला. वापरता येतच नाही असं मी म्हणत नाही, दर ठराविक घनमीटरला नमुना घेऊन सेंद्रिय प्रमाण, क्षार आणि लीचिंगची (पाण्यात काय विरघळून निघतं त्याची) टेस्ट पास झाली तर बांधाच्या आतल्या भागात, पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर, विहिरी आणि मोऱ्यांपासून लांब, वर-खाली चांगली माती देऊन वापरता येतो. टेस्टच्या आधी एक डंपरही जाऊ द्यायचा नाही. बाकीचा माल अधिकृत लँडफिलला, डंपर ताडपत्रीने झाकलेला, मागचा फाळका गळणार नाही असा, आणि प्रत्येक ट्रिपची पावती दोन्ही टोकांना जुळवायची. पावत्या जुळल्या नाहीत तर तो कचरा कुठल्यातरी शेताच्या कडेला पडलाय.

सगळा कचरा काढायचाच असंही नाही. फार खोल असेल तर काही राहू देऊन वर आधीच भार ठेवून बसवून घेणं, जिओग्रिड (भरावाला बळ देणारी जाळी), हे पर्याय आहेत, फक्त पाइल (खोल रोवलेले खांब) टाकताना तळाची चिकणमाती भेदून लीचेटला खाली भूजलात जायला वाट करून देऊ नका, आणि खाली बसणारा कचरा पाइललाही ओढतो हे डिझाइनरला सांगा.

शेवटचं, आणि साइट इंजिनिअरने टेंडर निघायच्या आधीच वरच्यांकडून करून घ्यावं असं. ड्रम सापडला, एस्बेस्टॉस सापडलं, लीचेटचे टँकर वाढले, काम थांबून मशिन नुसतं उभं राहिलं, या प्रत्येकाला बिलात वेगळा आयटम आणि दर असू द्या. खोदाई एकाच सरसकट दरात दिली तर सापडलेला प्रत्येक ड्रम ठेकेदाराच्या खिशातून जातो, आणि मग ऑपरेटरला सांगितलं जातं की बघू नको, दाब आणि पुढे चल. ड्रम दाखवणाऱ्याला पैसे मिळणार असतील तर ड्रम दिसतात. तुमची ट्रायल पिटची खोली, तळाशी पाणी लागलं का, आणि सर्वात जवळचं घर किंवा विहीर किती मीटरवर आहे एवढं कळवा, मग उतार आणि व्हेंटचं नेमकं सांगता येईल.